जी, जिची, जिच्यामुळं

तिसगावच्या स्टँडवर पुण्याची एसटी सुटायला आली, तेव्हा मोठ्या आईनं कंडक्टरला खिडकीतून बजावलं, "ती कडंला जी रडत बसलीय न्हवं, तिला पुन्यात नीट उतरवा." सगळी गाडी वळून माझ्याकडे बघायला लागली. मला चांगलं नाव होतं. ते सांगायचं सोडून हिनं माझं रडणं जाहीर केलं, याचा इतका राग आला की रडू तिथंच थांबलं.

मोठी आई म्हणजे माझी थोरली चुलती. तिला मूल नव्हतं. माझी आई दिवसभर रानात, त्यामुळं मला वाढवलं हिनंच. माणसाला नावानं ओळखायची तिची पद्धतच नाही. "जिची म्हस आटली, ती." "ज्याचा पोरगा फौजेत हाय, त्यो." आणि तिची निवड तर बघत राहावी अशी. गावानं दारुडा म्हणून ओवाळून टाकलेला एक जण हिच्या तोंडी कायम "ज्यानी आपली कालवड वढ्यातून काढली, त्यो" असायचा.

आता मी इंग्लंडात लीड्सला एका केअर होममध्ये काम करते आणि संध्याकाळी इंग्रजीच्या क्लासला जाते. तिथं रिलेटिव्ह क्लॉज आले, म्हणजे आपली 'जो-तो', 'जी-ती'ची वाक्यं. शेजारणीवर एक वाक्य लिहा म्हटल्यावर मी लिहिलं, 'विच वुमन्स बफेलो स्टॉप्ड मिल्क, दॅट वुमन इज माय नेबर.' शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. आधी शेजारीणबाई लिहा, मग 'हूज' म्हणजे 'जिची', मग तिची म्हैस, असं त्यांनी शांतपणे समजावलं. खरंच देखणी रचना आहे. एवढ्याशा 'हूज'मध्ये बाई आणि म्हैस दोघी मावतात. आपल्याकडे मात्र हकीकत आधी येते आणि 'तो' किंवा 'ती' मागून. माणूस कोण ते कळायच्या आत त्याची करणी कळते. मोठी आई आयुष्यभर काय करत आली, हे मला त्या परक्या बाकावर बसून उमगलं आणि तिचा फार अभिमान वाटला.

मग धास्तीही बसली. माझ्या 'ती'च्या आधी ती आता काय लावत असेल? जी सोडून गेली, ती? जिला सणालाही यायला जमत नाही, ती? दोन्ही खरंच होतं. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडलेत, त्यांना ही धास्ती वेगळी सांगायला नको.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लावला, तर ओट्यावर नव्यानं राहायला आलेली शेजारीण बसली होती. तिनं मोबाईलमध्ये डोकावून विचारलं, "कोन हाय वं ही?"

मोठी आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जिच्यामुळं मला लोक आई म्हनत्यात, ती."

नेटवर्क गेलं म्हणून सांगितलं आणि कॅमेरा बंद केला. भाड्याची खोली इथं आहे, पगार इथं आहे. पण ज्या ओट्यावर माझी अशी ओळख सांगितली जाते, ते माझं घर.