सोंगाड्याचं तोंड

परवा गॅस संपला म्हणून अंगणात चूल पेटवली, आणि गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, बुडाची काजळी घासताना त्या ओल्या वासाने लामता गावातलं बहिणीचं लग्न आठवलं. भरवेलीच्या खाणीत पाय अधू झालेले माझे वडील लंगडत पंगतीत बुंदी वाढत होते, आणि नवरदेवाचा मामा त्यांच्यामागे तसाच लंगडत निघाला. दीडशे पानांपैकी निम्मी तरी हसली. "लय सोंगाड्या माणूस आहे," कुणीतरी कौतुकाने म्हणालं. वडिलांनी बादली खाली ठेवली. वरपक्षाला दुखवून लग्न मोडायचं नव्हतं, म्हणून आम्ही सगळे खाली बघून वाढत राहिलो. आईने मात्र गंजाच्या बुडाला बोट लावलं आणि ते काळं बोट मामापुढे धरलं. "पाहुणे, सोंग घेते तो सोंगाड्या. आमच्या दंडारीच्या खेळातला सोंगाड्या आधी आपल्याच तोंडाले काळं फासते, मंग दुसऱ्याची नक्कल करते. तुमचं तोंड तं कोरंच हाय. लावा." "गंमत केली जी," असं पुटपुटत तो पानावर जाऊन बसला, आणि वडिलांनी बादली उचलली. तो मामा अजूनही आमच्याकडे येतो, कुणाची तरी नक्कल करतो आणि लोक हसतात. मी चहा देतो आणि त्याच्या त्या स्वच्छ तोंडाकडे बघत बसतो.