केए बावीसची वाट

बेळगावहून रत्नागिरीला आलो तेव्हा सामान टेम्पोने आलं आणि गाडी मी चालवत आणली. ज्या वर्तमानपत्रात होतो त्याची तिथली आवृत्ती बंद झाली होती. मांडवीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वडील बुरोंडीला आत्याकडे होते. त्यांना तिथून हलवू नये, असं डॉक्टरांचं मत होतं. मी दर रविवारी जात असे. वाटेत दोन खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात.

वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या खिडकीत बसून आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या गाड्यांचे नंबर नोंदवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. ड्रायव्हरचं तोंड बघण्याची त्यांना कधी गरज पडली नाही. आता त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, मीही नाही. पण गाडी अंगणात वळली की ते पुढची पाटी वाचत, "केए बावीस. मुलाची गाडी," म्हणत आणि चपला घालून पुढच्या सीटवर येऊन बसत. मला ते मुलाने पाठवलेला ड्रायव्हर समजत. किनाऱ्याच्या रस्त्याने तासभर फिरवलं की बोलत. एरवी आठवडाभर ते गप्पच असतात, असं आत्या सांगे.

"मुलगा पेपरात आहे माझा," एकदा म्हणाले. "तुम्हाला नीट वागवतो ना?"

"वागवतात."

"नाही वागवलं तर मला सांगा. तापट आहे."

परराज्यातली गाडी इथे वर्षभरच चालवता येते, पुढे इथली नोंदणी लागते. शिवाय माझ्या गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. मूळ नोंदणीची मुदतच संपणार होती. नोंदणी केली तर नंबर जाणार होता, केली नाही तर रविवार.

बेळगावच्या कार्यालयातून ना हरकत दाखला आणला. विमा, पीयूसी आणि भाडेकरार एका फायलीत लावले. इथल्या एजंटला विचारलं, जुना नंबर ठेवता येतो का.

"राज्य बदललं की नंबर बदलतोच, साहेब," तो म्हणाला. "का, सोन्याचा होता?"

मी कारण सांगितलं नाही. त्याने दोन कोऱ्या पट्ट्या दिल्या. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. "एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने घासायचं. घरी करून आणा, इथे गर्दी असते."

घरी धरायला कोणी नव्हतं. मी कागद चिकटपट्टीने लावला. पहिल्यांदा तो सरकला. दुसऱ्यांदा शेवटचे तीन आकडे पुसट आले. नवी पट्टी मागायला पुन्हा एजंटकडे गेलो. त्याने विचारलं, घरचे गावाला गेलेत का. मी हो म्हणालो. तिसऱ्या पट्टीवर सगळे आकडे आले.

तपासणीच्या दिवशी निरीक्षकाने ती पट्टी चेसिसशी ताडून पाहिली, दिवे आणि ब्रेक बघितले आणि सही केली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. महिन्याभराने नवी पाटी आली, एमएच झिरो एट. बसवणाऱ्याने जुनी काढून घेतली. ती परत मिळणार नव्हती.

आत्याला फोन करून सांगितलं.

"अरे, मग तो बसायचा नाही," ती म्हणाली.

"मी समजावेन."

"तू काय समजावणार? तुझं तोंड बघतंय कोण? तो पाटी बघतो."

त्या रविवारी अकराच्या सुमारास पोचलो. वडील ओट्यावरच्या बाकावर होते. गाडी वळली तसे उठले, दोन पावलं पुढे आले आणि पाटी वाचली. पुन्हा वाचली, बोट हवेत फिरवत, एकेक आकडा. मग मागे जाऊन बसले.

"फिरायला जायचं ना?" मी विचारलं.

"ही गाडी आमची नाही."

"गाडी तीच आहे. फक्त नंबर बदललाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवख्या ड्रायव्हरने काहीतरी वेड्यासारखं बोलावं, तसं. "गाडीचा नंबर बदलत नसतो," ते म्हणाले. "तुम्ही रत्नागिरीचे दिसता. कोणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच."

"मग बसा. माझा मुलगा येईल इतक्यात. केए बावीस आहे त्याची."

आत्या दारात उभी होती. ती आत गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. वडील रस्त्याकडे बघत राहिले. एक रिक्षा गेली, मासेवाल्याचा टेम्पो गेला. त्यांनी दोन्ही नंबर पुटपुटले आणि सोडून दिले.

"उशीर झाला त्याला," मी म्हणालो.

"फेरीबोट चुकली असेल. पण येतो. रविवार चुकवत नाही."

आम्ही दोघं बघत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला.

"जरा तिकडे सरकता का? आला की त्याला बसायला जागा नको?"

मी बाकाच्या टोकाला सरकलो.