कॅसिनोशी घासाघीस

घासाघीस करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, हे नवऱ्यानेच आमच्या दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या सगळ्या मित्रमंडळींत पसरवलं होतं. शारजाच्या भाजीबाजारात तो पिशव्या धरून माझ्यामागे उभा असायचा. तिथे शिकलेली विद्या त्याने जॉर्जियात, तिबिलिसीच्या कॅसिनोत वापरली. ऑफिसातल्या मित्रांबरोबर तो लाँग वीकेंडला पहिल्यांदा तिकडे गेला, तेव्हा मीच हसतहसत बॅग भरून दिली होती.

दुसऱ्या खेपेला त्याने हॉटेल फुकट मागितलं, मिळालं. मग विमानाचं तिकीट. मग हरलेल्या पैशातला दहावा हिस्सा परत. तिथे बड्या गिऱ्हाइकांची बडदास्त ठेवणारा एक हिंदी बोलणारा माणूस होता, तो प्रत्येक मागणीला मान डोलवायचा. नवरा घरी येऊन छाती फुगवून सांगायचा, "दोन हजार दिरहम परत काढले त्यांच्याकडून! म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये." वीस हजार घालवल्याशिवाय दोन परत येत नाहीत, एवढं या इंजिनिअरला दिसत नव्हतं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

परवा ईदची सुट्टी जवळ आली तसं त्याला घरात चैन पडेना. गॅलरीत जायचा, आत यायचा, फोन बघायचा, परत गॅलरीत. त्याच्याकडे बघून माझंही कशात लक्ष लागेना. शेवटी मी फोन हिसकावला आणि त्या माणसाला स्पीकरवर घेतलं.

"भाईसाब, इनका नाम बंद करो. एंट्री ही नहीं देना."

सगळ्याला हो म्हणणारा तो पहिल्यांदा अडखळला. "मॅडम, आप भी आइए ना. स्पा फ्री कर देंगे."

"नहीं. दो साल बंद."

"सर खुद बोलेंगे तो ही होगा, मॅडम."

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "हां, बंद करो."

"चलो, छह महीना," फोनवरून आवाज आला.

"दो साल!"

"ना आपका, ना मेरा. एक साल."

"ठीक है, खलास," म्हणून मी फोन ठेवला. मधला आकडा निघाला की सौदा पटला, ही माझी सवय. मी खूश होऊन वळले.

नवरा सोफ्यावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"एवढ्यावर कशाला मानलीस गं?" तो म्हणाला. "वर्षाने मी परत जाईन."

तो चेष्टा करत नव्हता. मी घाबरले. परत तोच नंबर लावला, पण आता तिकडून कोणी फोन उचलत नव्हतं.