घट्ट धरलेलं बाळ

आज मंगळवार, सकाळी अकरा वाजता मी जपानमधल्या सेंदाई शहराच्या संग्रहालयात बूट काढून, हात जोडून उभा होतो. समोर इटलीचं पाचशे वर्षांपूर्वीचं रंगवलेलं उठावशिल्प होतं: आई आणि तिच्या कडेवर बाळ. देवीच वाटली.

आमच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या सातो-सान सोबत होत्या. "महेश-सान, हे देऊळ नाही," म्हणत त्या हसल्या. मग आईच्या हाताकडे बघत राहिल्या.

"किती घट्ट धरलंय. त्सुनामीत माझा मुलगा माझ्या हातून सुटला."

तीन वर्षं त्यांच्या शेजारी काम करतोय, मला हे ठाऊक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जरा विरंगुळा म्हणून मीच त्यांना आग्रहाने तिथे नेलं होतं.

उद्या सकाळी त्या सिंकपाशी नेहमीसारख्या उभ्या असतील. मुलाचं नाव विचारू का? की विचारलेलंही त्यांना सोसणार नाही?