पत्र्याच्या पेटीतला कॉम्प्युटर

परभणीत स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर कस्तुराबाईचा टायपिंगचा क्लास होता. जवळच्या झरी गावची लेक. नवरा ऐन तिशीत गेला. मागं उरला एक दीर, तो असा की नसता तर बरं! लोक म्हणत, बाई फार फटकळ. अहो, दुसरं काय होणार? गोड बोलणाऱ्या बाईला या लोकांनी कधीच बोचकं बांधायला लावलं असतं.

दिराचं नाव बन्सीधर, धंदा खताचा. क्लासची पुढची खोली त्याला गोदामाला हवी होती. घर होतं सासूच्या, धुरपताबाईच्या नावावर. ती राहायची कस्तुराबाईजवळच, पण दोघींत बोलणं जेमतेम. "वाढू का?" "वाढ." संपलं. पोरगा गेला त्या दुःखात सासू सुनेला पांढऱ्या पायाची म्हणाली होती, आणि सुनेनं तो शब्द आजवर सोडला नव्हता.

पुढं टायपिंगला पोरं येईनात. जो तो कॉम्प्युटरचं विचारी. कस्तुराबाई औरंगाबादला राहून कोर्स करून आली आणि पाटल्या मोडून एका कंपनीतून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला. बन्सीधरच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आधीच कोनाकोनाची पोरं घरात बशिवता, वयनी. त्यात आता ह्यो डबा!"

विद्यापीठाचं नामांतर होऊन तीन महिनेही झाले नव्हते, गावात धुसफूस होतीच. कोणाची पोरं ते कस्तुराबाईला बरोबर कळलं.

"शिकायला येतेत ती. तुमच्यावानी आयतं गिळायला न्हाई येत, भाऊजी!"

भांडण हातघाईवर आलं तेव्हा धुरपताबाईनं निकाल दिला. "पाडव्यापोतर तिचा डबा चालू झाला तर खोली तिची. न्हाई तर बन्सीची. मंग कोनी बोलायचं न्हाई." बन्सीधर खूश होऊन गेला.

कॉम्प्युटर आला एसटीच्या टपावरून. वाटेत कुणाचा तरी लोखंडी नांगर त्याच्यावर घसरला. पेटी चेपून गेली, बटणाचा भुगा झाला. आतला माल तेवढा धड राहिला. कंडक्टरला कस्तुराबाईनं स्टँडवर असं झाडलं की त्या बिचाऱ्यानं चहा अर्धा टाकून गाडी काढली. पण शिव्यांनी पेटी सरळ होत नाही. तसली पेटी परभणीत मिळेना, आणि पाडवा आठवड्यावर आलेला.

मग तिनं लिंबाजीला गाठलं. हा ट्रंका बनवणारा. त्यानं चेपलेल्या पेटीची मापं घेतली, पत्रा कापला, भोकं जागच्या जागी पाडली, जुन्या पेटीतल्या पितळी गुट्ट्या काढून नवीत बसवल्या, म्हणजे आतली मोठी पाटी, मदरबोर्ड, पत्र्यापासून वर उचललेली राहावी. सवयीप्रमाणं आतून गुलाबी कागद चिकटवला, हिरवा रंग दिला आणि वर एक कमळसुद्धा काढून टाकलं.

"कमळ कशाला, लिंबाजीदादा?"

"बरं दिसतंय की!"

पेटी घरी आणून दोन दिवस वाळत ठेवली. पाडव्याच्या आदल्या दिवशी कस्तुराबाईनं आतला माल नव्या पेटीत बसवला. नवं बटण दाबलं. पंख्यानं एक गिरकी घेतली आणि थांबला. दिवा नाही, आवाज नाही, पडदा काळा ठार.

तिनं वायरी काढून पुन्हा खोचल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून दाबल्या. भिंतीतला प्लग बदलला. पंखा तेवढी गिरकी घेई आणि गप्प. शेवटी चिडून तिनं सगळा माल बाहेर काढला, टायपिंगच्या लाकडी टेबलावर मांडला, तिथंच वायरी जोडल्या. बटण दाबलं, तर पीं करून वाजलं आणि पडद्यावर अक्षरं! पुन्हा पेटीत बसवला, पुन्हा मेला. आता तिची खात्री झाली की खोट पेटीत आहे, आणि पेटी लिंबाजीची.

पाडव्याला सकाळीच तिनं लिंबाजीला बोलावून घेतलं. तोवर बन्सीधर बैलगाडीत खताची पोती लादून दारात हजर. सणाच्या दिवशी पोती! गडी गुढी उभारायचं सोडून खोली घ्यायला आला होता. मला तर त्याच्या डोक्यात ते पोतंच घालावंसं वाटतं.

"झाला का डबा चालू?" त्यानं हसत विचारलं.

कस्तुराबाई लिंबाजीवर तुटून पडली. "ट्रंका ठोकायची अक्कल तुमची, अन् मी मशीन दिली तुमच्या हातात! माझं वाटोळं केलं तुमी!"

"बाई, तोंड सांभाळा," लिंबाजी तापला. "मापात एक दोरा फरक दावा, पेटी मोडून टाकतो."

"मंग आत का चालंना?"

त्यानं रागारागानं माल बाहेर काढून ठेवला आणि पेटी उजेडाकडं धरली. तळाशी एका जागी कागद फुगलेला होता, त्याला बारीक टोचे पडले होते. "ह्यो फुगा माझा न्हाई," तो म्हणाला आणि त्यानं कागद टरकावला. गव्हाचे चार दाणे सांडले आणि त्यांच्यावर तिरपा बसलेला एक चांदीचा रुपया टणकन फरशीवर पडला. निजामाच्या वेळचा, हाली रुपया. पाटीच्या मागची टोकदार टाचणं कागदातून त्याला टेकली होती, करंट त्या वाटेनं पत्र्यात पळत होता.

कस्तुराबाईनं बन्सीधरकडं बघितलं आणि तिचा तोल गेला. "कोन्या मेल्यानं घातला ह्यो? ज्या हातानं घातला त्यो हात झडो!"

"माझ्याकडं काय बघता? मी शिवलो बी न्हाई पेटीला!"

"म्या ठिवला."

आतल्या दारात धुरपताबाई उभी होती. नवी पेटी रिकामी वापरायची नाही, कागदाखाली काहीतरी ठेवायचं, हे आपल्याकडं कोणत्या बाईला माहीत नाही? पैसाअडका तिथंच तर असतो. सून बाहेर गेली असताना म्हातारीनं कागदाचा कोपरा उचलला होता आणि पिठाच्या खळीनं परत चिकटवला होता.

"माझ्या लग्नातला हाये," ती म्हणाली. "तुला बरकत यावी म्हून ठिवला."

कस्तुराबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाया पडावं असं आतून आलं होतं, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मला इचारायचं तरी, आत्याबाई!"

लिंबाजीनं कोणाकडं न बघता माल पुन्हा पेटीत बसवला. कस्तुराबाईनं बटण दाबलं. पंखा फिरत राहिला, पीं वाजलं, पडदा उजळला. बन्सीधर आईकडं बघायला लागला.

"खोली तिची," धुरपताबाई म्हणाली. "गाडी माघारी घे."

मग तिनं वाकून रुपया उचलला, पदराला बांधला आणि पायरी उतरली.

"कुटं निघालाव, आत्याबाई? पुरण शिजलंय."

"बन्सीकडं जेवते." खताच्या पोत्यांवर हात टेकून म्हातारी गाडीत चढली. "हात झडो म्हनलीस. आता त्या हातानं तुझ्या घरचा घास कसा उचलू?"

बन्सीधरनं बैल हाकले.