न सुजलेला पाय

भातलावणीच्या चिखलात आईच्या तळव्याला काच लागली, ते तिने मला कळवलंच नाही. मी गावी गेले तेव्हा जखम उघडीच होती. पांढुरकी, ओलसर. आई मात्र खुशीत होती. म्हणाली, "बघ की, सूज न्हाई, ठणका न्हाई." सूज नाही म्हणजे जखम बरी, हे आमच्या गावाचं गणित. मी तळेगावला राहते, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, आणि तिथल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते; त्यामुळे मला सूज नसण्याचीच भीती वाटली.

दरवर्षी मी वर्गात सांगते. जखम झाली की जवळच्या रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर चिकट रेणू उगवतात. रक्तातून धावणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यांना अडखळतात, घरंगळत हळू होतात, घट्ट चिकटतात आणि भिंतीतल्या फटीतून जखमेकडे उतरतात. सूज ही मदत पोचल्याची खूण असते.

वडगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी नेहमीपेक्षा जास्तच निघाल्या. मग त्यांनी विचारलं, गुडघ्यांसाठी काही घेता का? आई खिडकीबाहेर बघू लागली. शेवटी तिने कनवटीची पुडी काढली. बाजारातल्या जडीबुटीवाल्याची पूड. यात स्टेरॉइड असणार, डॉक्टर म्हणाले; पेशी रक्तात नुसत्या धावताहेत, त्यांना भिंतीला धरताच येत नाही. हात दाखवूनही न थांबणाऱ्या एसटीसारखं. अजून थोडा उशीर झाला असता, तर पायाचं सांगता आलं नसतं.

घरी येईपर्यंत मी आईला फाडून खाल्लं.

असं औषध एकदम बंद करता येत नाही. डॉक्टरांनी स्टेरॉइडच्याच मोजक्या गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी केल्या, जखम साफ करत राहिले. मी रजा टाकून गावीच थांबले. एके सकाळी पट्टी सोडली, तर जखमेच्या कडा लाल, गरम, टरारलेल्या. बोट लागताच आई कळवळली आणि मला हसूच आवरेना. डॉक्टरही म्हणाले, आता जखम भरायला लागेल.

"लेक हायेस का वैरीण?" आई म्हणाली. मी तिचा पाय मांडीवर घेऊन नवी पट्टी बांधत होते. मग ती हळूच म्हणाली, "पूड बंद झाली. आता तुझं तीन मजलं कसं चढू गं?"

पट्टी बांधून झाली होती, तरी मी तिचा पाय सोडला नाही.