उगवतीकडून यायलेत

समजा, तुम्ही एका दगडी कुंपणाआड गुडघा टेकून बसला आहात. धुकं इतकं दाट, की समोरचं झाड माणसासारखं दिसतंय आणि माणूस झाडासारखा. तुमचे पाच सोबती गावभर विखुरलेत. कुणी माळ्यावर, कुणी विहिरीआड, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळ्याच बाजूला. शत्रू तुम्हाला दिसलाय, त्यांना दिसलेला नाही. बोलायला तुमच्याकडं एका दमाचा वेळ आहे. काय सांगाल? ‘डावीकडून’ म्हणालात तर कुणाच्या डावीकडून? ‘तिकडून’ म्हणालात तर तुमचं बोट कुणाला दिसणार?

हे काम लोहाऱ्याची वर्षाराणी दर रविवारी दुपारी करायची. खताच्या दुकानावरच्या माडीत तिचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. आठवडाभर ती तिथं मराठी-इंग्रजी टायपिंग शिकवते. रविवारी शटर अर्धं ओढून घेते, हेडफोन लावते आणि दुसऱ्या महायुद्धातल्या इटलीत उतरते. खेळ ऑनलाइन असतो. दोन्ही बाजूंना भरपूर माणसं, आणि त्यांचे सहा-सहा जणांचे गट. खेळात मरणं स्वस्त असतं; मेलेला माणूस थोड्या वेळानं पुन्हा उभा राहतो. पण हातातलं ठाणं गेलं की डाव गेला. म्हणून नेम लागण्यापेक्षा सांगणं महत्त्वाचं, आणि सांगायचं काम गटाच्या प्रमुखाचं.

वर्षाराणीचा नेम काही फार चांगला नव्हता. सांगणं मात्र पक्कं होतं. ती कधी डावं-उजवं म्हणत नसे. लहानपणी शेतात पाणी देताना वडील लांबून ओरडायचे, “मावळतीचं दारं मोड!” आणि ती बरोबर त्याच वाफ्याकडं पळून पाण्यासाठी त्याचा मातीचा बांध फोडायची. तेच तिनं खेळात आणलं. पडद्याच्या तळाशी होकायंत्राची पट्टी असते. ती बघायची आणि सांगायची, “मावळतीकडून दोघं. उगवतीच्या बांधाला एक लपलाय.” तिचा गट इकडचाच असल्यामुळं कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

गटातले सगळ्यात वयस्कर म्हणजे धोंडप्पा अण्णा. त्यांची पिठाची गिरणी क्लासच्या समोरच. जावयाला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते शिकायला आले आणि मागं उभं राहून खेळ बघता बघता खुर्चीत बसले. ते गटाचे वैद्य झाले. जखमी सोबत्यापाशी सरपटत जायचं, पट्टी बांधायची, त्याला उठवायचं. “मला मारायला न्हाय जमत मॅडम,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “उठवायचं असंल तर सांगा.” खेळात त्यांनी एकदाही गोळी झाडल्याचं कुणाला आठवत नाही. इकडच्याच वाशी गावचा उत्कर्ष आणि त्याचे दोन मित्र आपापल्या घरून खेळायचे. सहावा शंतनू. मूळचा तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. मशीनगन त्याच्याकडं. तो सगळ्यात हुशार खेळाडू होता आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

सुरुवातीला समोरच्या गटांना बाईचा आवाज ऐकून हसू यायचं.

“काकू, पोळ्या झाल्या का?” एकदा कुणीतरी विचारलं.

“झाल्या की,” वर्षाराणी म्हणाली, “वाढायलाच आलेय.” आणि उत्कर्षला त्या बोलणाऱ्याच्या मागच्या दारानं आत सोडलं.

घरी तिचं फारसं कुणी ऐकत नसे. तिथले निर्णय थोरला भाऊ घ्यायचा. क्लासातली मुलंही मॅडम-मॅडम करत आपल्याला हवं तेच करायची. इथं मात्र तिनं एक शब्द उच्चारला की पाच माणसं वळायची. प्रमुखपद जपावंसं वाटायला एवढं पुरेसं होतं. ते तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

सोलापूरच्या एका गटाशी सामना ठरला तेव्हा संयोजकांनी नियम कडक केले. होकायंत्राची पट्टी बंद. नकाशा उघडता येईल, पण आपण त्यावर कुठं आहोत ते दिसणार नाही. गावही नवंच, कुणीही न खेळलेलं. डोंगरातली, धुक्यात बुडालेली वस्ती, मधोमध चर्च, आणि ते चर्च राखायचं.

“ताई, पट्टी नसली तर तुमचं उगवत-मावळत चालणार नाही,” शंतनू म्हणाला. “या वेळी मी सांगतो.”

“सूर्य पट्टी बघून उगवतो काय रे?” उत्कर्षनं विचारलं.

“धुक्यात सूर्य दिसणारच नाही, हेच तर सांगतोय.”

“यावेळी मीच सांगते,” वर्षाराणी म्हणाली. “हरलो तर पुढच्या रविवारपासून तू.”

“नक्की?”

“अण्णा साक्षीला आहेत.”

“म्या न्हाय बाबा कुणाच्या साक्षीला,” धोंडप्पा म्हणाले. “मी पट्टी बांधायला हाय.”

सामना सुरू झाला. धुक्यात काहीच दिसेना. वर्षाराणी चर्चच्या पुढच्या अंगणात आली. समोर मोठं लाकडी दार. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि तिची दिशा लागली. देवाचं दार आहे, म्हणजे तोंड उगवतीला. तिच्या गावातल्या मारुतीचं नसेल, पण महादेवाचं होतं, भैरोबाचं होतं, लोहाऱ्यात क्लासला रोज येता-जाता दिसणाऱ्या देवळांचंही होतं. यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलं नाही; नकाशाही तिनं उघडला नाही. दार उगवतीला, पाठ मावळतीला, की झालं. शंतनूला तिनं मशीनगन घेऊन मनोऱ्यावर चढवलं. तिथून चारी बाजूंना मारा करता येत होता, फक्त बंदूक उचलून दुसऱ्या खिडकीत मांडायला वेळ लागायचा.

सुरुवातीचा बराच वेळ लढाई गल्लीतच चालली. दिशेची गरजच पडली नाही. “विहिरीपाशी”, “निळ्या दाराच्या घरात”, असं सांगून काम भागत होतं. धोंडप्पांनी उत्कर्षला इतक्यांदा उठवलं की शेवटी ते म्हणाले, “आता जरा दम खा की रं. पट्ट्या काय गिरणीतनं पडायल्यात?”

मग दारासमोरच्या ओढ्याच्या बाजूनं, धुक्यातून, टोपीमागं टोपी दिसायला लागली. सोलापूरचा अख्खा गट एकदम येत होता.

“उगवतीकडून यायलेत! सगळे यायलेत! शंतनू, उगवतीची खिडकी!”

अंगणातले सगळे दारासमोरच्या ओढ्याकडं वळले. वर मशीनगन सरकल्याचा आवाज झाला, आणि मग शांतता.

“ताई, इकडं कुणी नाही.”

“आहेत! नीट बघ!”

“बघतोय. नुसता द्राक्षाचा मळा आहे.”

“शंतनू, हट्ट करू नकोस. उगवतीला मार!”

“उगवतीलाच बसलोय!”

दोघांचेही आवाज चढले. तिला वाटलं, पोरगा मुद्दाम करायलाय. त्याला वाटलं, हिला दिशाच कळत नाही. मशीनगन रिकाम्या मळ्याकडं तोंड करून राहिली. वर्षाराणीसकट अंगणातले चौघं पडले, धोंडप्पा सरपटत त्यांच्याकडं निघाले आणि वाटेतच पडले. शंतनूनं बंदूक उचलून दुसऱ्या खिडकीत नेली तोवर सोलापूरची माणसं दारातून आत शिरली होती. चर्च गेलं.

सामन्यानंतर शंतनू म्हणाला, “नकाशा उघडा. वरची बाजू म्हणजे उत्तर दिशा. आता चर्चचं दार बघा कुठं आहे ते.”

वर्षाराणीनं नकाशा उघडला. दार मावळतीला होतं.

“जुन्या चर्चचं सहसा असंच असतं, ताई. दार पश्चिमेला आणि आतली वेदी पूर्वेला. प्रार्थना करणारा माणूस उगवतीकडं तोंड करतो. मी त्यावरूनच खिडकी धरली.”

“मग देव त्याच्याकडं तोंड करून बसत न्हाय व्हय?” धोंडप्पांनी विचारलं.

“अण्णा, त्यांची रीत वेगळी.”

“असू दे. पण उत्कर्ष, तू कुठं वळलास?”

“दारासमोर, ओढ्याकडं. देवळाचं दार म्हणल्यावर उगवतच की.”

“आन तुझे ते दोघं?”

“ते पण तिकडंच.”

“म्हंजे आमी सगळे एका दमात चुकलो, आन बरोबर जागी वळलो,” धोंडप्पा म्हणाले. “तू एकटा बरोबर निघालास गा शंतनू, म्हणून गेलं चर्च.”

उत्कर्षला हसू आवरेना. शंतनूही हसला. वर्षाराणी हसली नाही. चूक कुणाची हे तिला नीट ठरवता येत नव्हतं, पण शब्द दिलेला होता. तिनं गटाची यादी उघडली, शंतनूच्या नावावर प्रमुखाचं चिन्ह ठेवलं आणि शटर वर केलं. बाहेर अजून ऊन होतं.

पुढच्या रविवारपासून शंतनू होकायंत्राच्या पट्टीवरच्या अंशांत सांगू लागला. “दोनशे सत्तरवर दोघं.” धोंडप्पा दर वेळी विचारत, “म्हंजे मावळत न्हवं?” आणि शंतनू दर वेळी, “व्हय अण्णा, मावळत,” म्हणे. गट जास्त सामने जिंकू लागला. वर्षाराणी रायफल घेऊन सांगितलेल्या जागी जाते. तिचा नेम थोडा सुधारलाय. मध्येच बोलायला तोंड उघडते आणि मिटते.

मध्यंतरी परीक्षेच्या कामासाठी ती सोलापूरला गेली होती. रिक्षातून जाताना एक चर्च दिसलं. तिनं रिक्षा थांबवली, उतरली आणि सूर्य कुठं आहे ते बघितलं. दार उत्तरेला होतं. रस्ता तिकडून जात होता, म्हणून. रिक्षावाला म्हणाला, “मॅडम, आत जायचंय का?” ती म्हणाली, “नाही. दारच बघायचं होतं.”

तेव्हापासून एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नाही. ती शंतनूला विचारून झाली. धोंडप्पांना विचारून झाली, ते नुसते “खरंय की” म्हणाले. इटलीतल्या त्या लढाईत मराठा पलटणीही होत्या, हे तिनं नंतर वाचलं. म्हणजे इकडच्यासारख्या गावांतली, वाफ्याला पाणी देणारी माणसं. त्यांतला एखादा असाच धुक्यात, होकायंत्राशिवाय, परक्या गावच्या चर्चच्या अंगणात उभा राहिला असेल. समोरून माणसं येताना त्याला दिसली असतील. त्यानं शेजाऱ्याला कुठली बाजू सांगितली असेल, आणि तो शेजारी कुठल्या गावचा होता?